वेदना सोसणे हेच पुण्य आहे का?

आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच कळून येते. "कसं वाटतंय?" असे विचारले की बहुतेक रुग्ण "बरं आहे" असेच सांगतात. खरे उत्तर शब्दांत नसते. ते घट्ट मिटलेल्या ओठांत असते, चादर पकडलेल्या मुठीत असते.

आम्ही ज्यांना भेटायला जात असू त्यांत एक मावशी होत्या. त्यांचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता. आडवे होणे अशक्य झाल्यामुळे रात्रंदिवस भिंतीला पाठ टेकवून त्या बसून असत. आम्ही विचारले की म्हणत, "प्रभूने माझ्यासाठी एवढं सोसलं, मग मला एवढंसं सोसायला नको?" हे ऐकून आमचे डोळे भरून येत. बाहेर पडताना आम्ही त्यांच्या मुलाला म्हणालो, "तुमच्या आई म्हणजे संत आहेत." डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात न उघडता पडून होत्या, हे आम्हाला पुढे कळले. ते अफूचे औषध आहे, एकदा लागले की सुटत नाही, असे मुलाला कोणीतरी सांगितले होते. मावशींना वाटत होते की गोळी घेणे म्हणजे क्रूस खाली ठेवणे. आणि आम्ही? आम्ही त्यांच्या सोसण्याचे कौतुक करून त्या कपाटाला आणखी एक कुलूप लावले होते.

तेव्हापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. वेदना सोसणे हे पुण्य आहे का? आणि असेल, तर ती कमी करणे हे काय आहे?

आधी वेदनेची बाजू ऐकून घेऊ. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे त्या रोगाने आपोआप झडतात, असा त्या काळी सर्वांचा समज होता. डॉ. ब्रँड यांनी बारकाईने निरीक्षण केले तेव्हा वेगळेच दिसले. रोग मज्जातंतूंची संवेदना मारतो, म्हणून माणसाला भाजले तरी कळत नाही, कापले तरी कळत नाही. एका मुलाने गंजलेल्या कुलपात अडकलेली किल्ली जोर लावून फिरवली. त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. हात नाहीसे होत होते ते वेदना नसल्यामुळे. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे डॉ. ब्रँड जन्मभर सांगत राहिले.

२००६ साली शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घरांतील काही मुलांना जन्मापासून वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. त्यांच्यातला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून दाखवत असे. चौदावा वाढदिवस येण्यापूर्वीच घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. वेदना ही देणगी आहे असे कोणी म्हटले, तर या मुलाची आठवण ठेवून आपण मान डोलवायला हवी.

पण राखणदाराचे काम चोर आल्याची वर्दी देण्याचे. चोर आला, सगळ्यांना कळले, दिवे लागले, तरी राखणदार रात्रभर ओरडतच राहिला, तर घरच्यांनी काय करावे? मावशींच्या हाडांतील वेदना आता कोणाला कसली वर्दी देत होती? डॉक्टरांना रोग ठाऊक होता, घरच्यांना ठाऊक होता, खुद्द मावशींनाही ठाऊक होता. ती वेदना आता नुसती छळत होती.

वेदनेविषयी विज्ञानाने आणखी एक गोष्ट शोधली आहे, ती आपल्या आजीला आधीच माहीत होती. मूल पडले, गुडघा फुटला, की आजी तो चोळते, त्यावर फुंकर घालते, आणि मूल रडायचे थांबते. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याचे कारण मांडले. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचे संदेश आले की ते काहीसे मिटते आणि वेदनेचे संदेश कमी प्रमाणात मेंदूकडे जातात. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते फाटक उघडतात किंवा मिटतात. भीती, एकटेपणा, काळजी यांनी वेदना वाढते. धीर मिळाला की ती उतरते. पुढील संशोधनाने या मांडणीतील तपशील बदलले, पण तिचा गाभा टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील आन्झिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. गंभीर जखमा असूनही त्यांतील बहुतेक जण वेदनाशामक मागत नव्हते. युद्धानंतर शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांशी त्यांनी तुलना केली, तर त्यांच्यात औषध मागणारे कितीतरी जास्त निघाले. सैनिकाच्या दृष्टीने जखमेचा अर्थ होता, 'मी वाचलो, आता घरी जाणार.' घरच्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ होता संकट. वेदनेला अर्थ मिळाला की ती सोसवते, हे श्रद्धावंतांना नवीन नाही. म्हणूनच मावशींचे बोलणे आम्हाला खोटे वाटत नाही. त्यांच्या श्रद्धेने त्यांना खरेच बळ दिले होते. चूक त्यांच्या श्रद्धेत नव्हती. 'अर्थ आहे, मग औषध कशाला?' असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले, तिथे चूक झाली.

बाळ येशूच्या संत तेरेजेची, आपल्या 'लहान पुष्पा'ची, प्रतिमा आपल्या पुष्कळ घरांत आहे. तिच्या हातातील गुलाब आपण पाहतो. तिचे शेवटचे आठवडे आपल्याला फारसे ठाऊक नसतात. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी, लिझ्यूच्या मठात ती क्षयाने गेली. तिच्या यातना पाहून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या इंजेक्शनांचा विचार मांडला होता. मठाच्या प्रमुख मदरना ते पटले नाही. अशा यातना भोगणाऱ्या रुग्णाच्या हाताशी विषारी औषधे ठेवू नका, असे तेरेजेने आपल्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना बजावले होते. पुन्हा वाचा, वाचकहो. एवढी मोठी संत, आणि वेदना माणसाला कुठवर ढकलते हे तिने स्वतः सांगून ठेवले आहे. ती संत झाली ती तिच्या प्रेमामुळे. औषध नाकारले गेले म्हणून ती संत झाली, असे कोण म्हणेल?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे, ते आपल्यापर्यंत नीट पोहोचले नाही एवढेच. इटलीतील भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांना काही प्रश्न विचारले होते. श्रद्धेपोटी वेदनाशामक नाकारण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर आहे का? औषधाने शुद्ध हरपण्याची किंवा आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असेल तर ते द्यावे का? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप महोदयांनी उत्तर दिले. असे सरसकट बंधन नाही. कोणी स्वखुशीने वेदना स्वीकारली तर ती थोर गोष्ट असू शकते, पण ती दुसऱ्यावर लादता येत नाही. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाला आपली इतर कर्तव्ये पुरी करता आली असतील, तर वेदना शमवण्यासाठी असे औषध देणे योग्य आहे. येथे हेतू महत्त्वाचा. जीव घेण्यासाठी औषध देणे वेगळे आणि वेदना घालवण्यासाठी देणे वेगळे. योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने सहसा आयुष्य कमी होत नाही, हेही पुढील अभ्यासांत दिसून आले आहे.

कोणी म्हणेल, प्रभूने तर कालवारीवर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला. खरे आहे. पण तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. त्याच प्रभूकडे किती आंधळे, पांगळे, रक्तस्रावाने गांजलेले लोक आले. त्यांतल्या एकाला तरी त्याने "जा, सोसत राहा" असे सांगितले का? संत पौलानेही आपल्या शरीरातील काटा काढून टाकावा म्हणून तीन वेळा विनवणी केली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याविषयी त्यात खोल चिंतन आहे. पण पत्राच्या अखेरीस ते आपल्याला दयाळू शोमरोन्याकडे नेतात. त्या शोमरोन्याने जखमी माणसाला दुःखाचे महत्त्व समजावून सांगितले नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि पट्ट्या बांधल्या. स्वतःचे दुःख प्रभूला वाहता येते. दुसऱ्याचे दुःख वाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्याच्या दुःखासमोर आपल्या हाती फक्त तेल आणि पट्टी आहे.

तेल ओतण्याचे शास्त्रही शिकावे लागते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या परिचारिका होत्या, पुढे समाजसेविका झाल्या आणि मग खास या कामासाठी डॉक्टर झाल्या. धर्मभगिनींनी चालवलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी १९५८पासून काम केले. वेदना असह्य होऊन रुग्णाने याचना केल्यावर औषध द्यायचे, ही जुनी रीत त्यांनी मोडली. वेदना परत येण्याआधीच, घड्याळ पाहून, पुढचा डोस दिला, तर थोड्या मात्रेत भागते आणि रुग्ण सावध राहतो, असे त्यांना आढळले. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरची काळजी आणि आत्म्याची तळमळ ही सगळी मिळून एकच वेदना होते, हेही त्यांनीच शिकवले. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील असे पहिले सदन आपल्या जवळच, वांद्र्याला माऊंट मेरीच्या टेकडीवर उभे आहे. ते म्हणजे १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापन केलेले 'शांती अवेदना'.

आपल्या देशाची गोष्ट मात्र विचित्र आहे. औषधासाठी लागणारी अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, ती परदेशी जाते, आणि आपलेच रुग्ण तळमळतात. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सुटसुटीत झाले. पण कायदा बदलला तरी मनातली भीती तशीच राहते.

ही भीती निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९९६पासून एका कंपनीने अफूवर्गातील गोळ्यांचा, त्यांचे व्यसन लागण्याची शक्यता कमी असल्याचे भासवून, प्रचंड खप केला. २००७ साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर व्यसनाने असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. म्हणून संशोधक नव्या वाटा शोधत आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या तात्पुरत्या दुखण्यासाठी सुझेट्रिजीन हे अफूवर्गाबाहेरचे औषध जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण पैशाच्या लोभाने गोळ्या वाटणे आणि मरणपंथाला लागलेल्या आईला डॉक्टरांच्या देखरेखीखाली आराम देणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील मोठ्या रुग्णालयांतही नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. एवढ्या लहान जिवाला वेदना कळत नाही, असे शिकलेले लोक मानत. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या डॉ. के. जे. एस. आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिले, की पुरेशी भूल दिलेली बाळे शस्त्रक्रियेनंतर अधिक सुखरूप राहतात. बाळे तर आधीपासूनच रडत होती. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे कोणी नव्हते. दुसऱ्याची वेदना आपल्याला दिसत नाही, म्हणून ती नाही असे मानणे किती सोपे असते!

म्हणून आता आम्ही आजाऱ्यांच्या घरी गेलो की "कसं वाटतंय?" एवढे विचारून थांबत नाही. "कुठं दुखतंय? शून्य ते दहामध्ये किती? रात्री झोप लागते का? गोळी वेळेवर मिळते का?" असे विचारतो. दुखते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवतो. गरज असेल तर घरच्यांना डॉक्टरांकडे पुन्हा पाठवतो. प्रार्थना करतोच, पण प्रार्थनेआधी हे विचारतो.

मावशींच्या घरी शेवटी फादरच बोलले. पोप महोदयांचे उत्तर त्यांनी मावशींना साध्या शब्दांत सांगितले आणि मुलाला डॉक्टरांकडे पाठवले. गोळ्या घड्याळ लावून सुरू झाल्या. आठवड्याने आम्ही गेलो तेव्हा मावशी उशीवर डोके टेकून आडव्या झाल्या होत्या. हातात जपमाळ होती. आम्हाला पाहून म्हणाल्या, "दोन महिन्यांत रोझरी पुरी झाली नव्हती हो. दुसऱ्या रहस्यापर्यंत आले की दुखण्यापुढं काही आठवायचंच नाही. काल पुरी झाली."

दोन महिने त्या घरी जाऊनही हे आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते.