सांध्याची परीक्षा
शास्त्रपाठ : मत्तय ५:२३-२४, यहेज्केल १३:१०-१५



अमेरिकेच्या अलास्का प्रांतात ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. उन्हाळ्यात, विशेषतः जून-जुलैमध्ये, तेथे सॅमन जातीचे मासे समुद्रातून नद्यांकडे परततात. या थोड्या आठवड्यांच्या कमाईवर कित्येक कोळी कुटुंबांचे वर्ष निघते. १९५१ पर्यंत तेथे यंत्राच्या होड्यांनी मासे धरण्यास मनाई होती; सारे काम शिडाच्या होड्यांवर चाले. आज तेथे यंत्राच्या होड्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ अॅल्युमिनियमच्या आहेत. मात्र होडीची लांबी ३२ फुटांहून अधिक असू नये असा नियम आहे. हंगामात होड्यांची दाटी होते, एक दुसरीवर आदळते. ओहोटी लागली की कित्येक होड्या चिखलावर टेकतात. होडी कशी बांधली आहे हे समुद्र तेथे तिच्या एकेका सांध्याला विचारतो.

अॅल्युमिनियम आपल्या घरात पातेल्यांच्या रूपाने आहेच. पण त्याचे पत्रे जोडून होडी करणे किती नाजूक काम आहे, हे आम्हांला बेळगावच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या ख्रिस्ती बंधूंकडून समजले. ते म्हणाले, “या धातूवर एक साय असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण सारे काम तीच बिघडवते.”

ही साय म्हणजे हवेतील प्राणवायूने धातूवर धरलेला अतिशय पातळ थर. ती वाईट नाही. तिच्यामुळेच हा धातू लोखंडासारखा गंजून झडत नाही आणि खाऱ्या पाण्यात टिकतो. परंतु अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि ही साय वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून साय न काढता वेल्डिंग केले, तर आत धातू वितळतो, मध्ये साय तशीच राहते आणि दोन पत्रे शेजारी शेजारी असूनही एक होत नाहीत. तेलाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला, तर सांध्यात बारीक बुडबुडे अडकतात. वरून मात्र सांधा सुबक दिसतो. घासून रंग दिला की पाहणारा वाखाणणी करतो. पुढे लाटांचे तडाखे बसू लागले की तेथेच चीर पडते.

वाचकहो, जी साय धातूचे रक्षण करते, तीच त्याला दुसऱ्याशी जोडू देत नाही. आमच्या मनात हे वाक्य घर करून राहिले. आपली अब्रू, आपला मान, ‘मी का आधी बोलू?’ हा ताठा, यांची साय आपणां सर्वांवर आहे. जगात वावरताना ती आपल्याला सांभाळते. पण भावाला भावाशी जोडायचे असते तेव्हा तीच आड येते.

येथे आम्हांला आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या मंडळीत दोन चुलतभावांचे वडिलोपार्जित घरावरून वितुष्ट होते. नाताळापूर्वी प्रभुभोजनाच्या उपासनेत आम्ही त्या दोघांना पुढे बोलावले, हात मिळवायला लावले, प्रार्थना केली. मंडळीने आनंदाने गीत गायिले. वार्षिक अहवालात आम्ही ‘समेट झाला’ असे लिहिले. पुढच्याच वर्षी एका म्हाताऱ्या आत्याच्या दफनविधीला, शवपेटीला खांदा देण्यावरून ते दोघे सर्वांसमक्ष भांडले. धाकटा आम्हांला म्हणाला, “तुम्ही हात मिळवायला लावलात, पण माझं काय दुखतंय ते कोणी विचारलंत का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. यहेज्केल संदेष्ट्याने ज्यांना धिक्कारले, त्या कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांत आम्ही जाऊन बसलो होतो. आम्ही साय काढली नव्हती. नुसता रंग दिला होता.

प्रभू येशूने क्रम स्पष्ट सांगितला आहे. वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. कारागीरही आधी तेलकटपणा पुसतो, मग पोलादी ब्रशाने साय काढतो आणि लगेच जोड देतो. लगेच, कारण साय पुन्हा धरू लागते. रागात असताना सूर्य मावळू देऊ नये, असे पौल इफिसकरांस का लिहितो, हे येथे उमगते. आज उघडे झालेले मन उद्या पुन्हा झाकले जाते.

आणि सांधा आधीच फसला असेल तर? त्यावर आणखी एक थर चढवून भागत नाही. दोषी भाग निरोगी धातू लागेपर्यंत खरवडून काढावा लागतो आणि नव्याने जोडावे लागते. बारीक चीर शोधण्यासाठी तांबडा द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. चीर असेल तेथे तांबडी रेघ उमटते. खोल दोषासाठी क्ष-किरणांनी पाहतात. स्तोत्र १३९ चा कर्ता आपले अंतःकरण देवापुढे पारखण्यासाठी ठेवतो, ते याच तयारीने. ही तपासणी किनाऱ्यावर व्हावी. भर समुद्रात ती फार महाग पडते.

आम्ही त्या दोघांकडे पुन्हा गेलो. आधी आमची क्षमा मागितली. मग एक अख्खी दुपार प्रार्थनाही न सांगता फक्त ऐकत बसलो. कठोर शब्द निघाले, अश्रूही निघाले. घराचा प्रश्न सुटायला आणखी दोन वर्षे लागली. अजूनही ते एका बाकावर बसत नाहीत. पण मागच्या पावसाळ्यात थोरला रुग्णालयात होता, तेव्हा रात्रीचा डबा धाकट्याच्या घरून जात होता. हे आम्ही अहवालात लिहिले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक विनंती. मुले भांडली की आपण चटकन ‘सॉरी म्हणा’ असे सांगतो आणि धडा पुढे नेतो. येत्या रविवारी धडा थोडा थांबवा. आधी दोघांनाही विचारा, “बाळा, तुला काय लागलं?” त्यांचे बोलणे पुरते ऐका. मग हात मिळवायला सांगावेही लागणार नाही.

प्रभू आपल्या मंडळीचे सांधे आपल्या हाताने पारखो, आणि पारखले जाण्याचे धैर्य आपणांस देवो. आमेन.