चौकोनी भोक

लोखंडी नळीला गोल भोक पाडायला फार काही लागत नाही. ड्रिल लावलं, दाबलं, की झालं. चौकोनी भोक मात्र ड्रिलनं पडत नाही. गरगर फिरणाऱ्या पात्याला कोपरा कुठला ठाऊक? मोठ्या कारखान्यात त्यासाठी पंचिंगची मशिनं असतात. गावातल्या दुकानात आधी गोल भोक पाडायचं आणि मग कानस घेऊन चारी कोपरे घासत बसायचं.

हे मला आमच्या विहिरीच्या कठड्यापायी कळलं. आडव्या दोन चौकोनी नळ्या आणि त्यांतून आरपार गेलेले 12 एमएमचे उभे चौकोनी गज, असा कठडा चारी बाजूंनी करायचा ठरला. काम गावच्या लोहारदादांना दिलं. लहानपणापासून भाता ओढलेला माणूस. ते म्हणाले, ‘‘भरीव लोखंड असतं तर लाल करून ऐरणीवर चौकोनी पोगर ठोकला असता. नळी पोकळ. ठोका बसला की भिंत आत दबती.’’

एका गजाला दोन नळ्या, एका नळीला दोन भिंती. म्हणजे चार भोकं, सोळा कोपरे. एका बाजूला वीस गज धरले तर 320 कोपरे. तीन बाजू होईस्तोवर माझा धीर सुटला. पेरणी तोंडावर आलेली, मजुरीचा आकडा वाढत चाललेला. मी म्हणालो, ‘‘दादा, कशाला घासत बसताय? मोठं गोल भोक पाडा, गज घाला, वेल्डिंगचे टाके मारा. कोण बघतंय?’’

ते म्हणाले, ‘‘माणूस न्हाई बघत. पाणी बघतंय.’’

मी हसण्यावारी नेलं. 12 एमएमचा चौकोनी गज कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तर 17 एमएम भरतो. तेवढं गोल भोक पाडलं की गजाच्या चारी अंगांना नखाएवढ्या फटी राहतात. चौथ्या बाजूला तसंच झालं. दोन-दोन टाके, फटीत लांबी, वरून रेड ऑक्साईड आणि रंग. उभं केल्यावर चारी बाजू एकसारख्या दिसत होत्या. माझा मलाच शहाणपणा वाटला.

पुढं लांबी सुटली. पावसाचं पाणी गजावरून ओघळायचं आणि फटीतून नळीत उतरायचं. नळी बाहेरून रंगीत आणि आतून गंजलेली. सात-आठ पावसाळ्यांनंतर एके दिवशी आमच्या मंडळींनी त्याच बाजूला हंडा टेकवला आणि वरची नळी मोडली. हंडा विहिरीत गेला. तिनं शेजारच्या बाजूचा गज धरला, म्हणून ती वर राहिली. तो गज कानशीनं बसवलेला होता.

मी तणतणत दुकानात गेलो. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘पुन्हा करून देतो. अर्धेच पैसे द्या. तुम्ही म्हणाला ही तुमची अर्धी चूक. मी ऐकलं ही माझी अर्धी.’’

माझा राग तिथंच बसला. घरी येताना मला माझी टोमॅटोची क्रेटं आठवली. वरच्या थराला लालबुंद, खाली बारकी नि डागाळलेली. बाजारात सगळेच असं भरतात, म्हणून मीही भरायचो. तिथंही मी हेच म्हणायचो, कोण बघतंय? खालचा थर ज्याच्या ताटात गेला, त्यानं बघितलंच असणार. तो मला ठाऊक नव्हता, एवढंच.

दादांची वाटणी मात्र मला अजून उलगडत नाही. लोखंड त्यांना कळत होतं, मला नाही. मग त्यांनी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं का? पण हातावर पोट असलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, तर त्या दिवशीची चूल कशावर पेटवायची? आणि मला तर त्यांनी सांगितलं होतं. न कळता केलेली चूक वेगळी. मी कळून, पैसे वाचवायला केली. विहीर माझी, पाणी भरणारं माणूस माझं.

चौथी बाजू पुन्हा झाली तेव्हा मी दुकानात बसून राहिलो. एक कानस मागून घेतली आणि काही कोपरे घासले. एका कोपऱ्यातच बोटं भरून आली. पैसे मी पुरते दिले. दादांनी अर्धे मोजून परत केले. ते घेताना मला वर बघवलं नाही.