जाळीची खिडकी आणि वाहतं पाणी

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात दोन जागा आजही पाहायला मिळतात. एक म्हणजे वजिरांची सभा भरायची ते घुमटाचं दालन. त्याच्या भिंतीत उंचावर जाळीची खिडकी आहे. सुलतान तिच्यामागे बसून खालची मसलत ऐके; तो आहे की नाही, हे खालून कळत नसे. दुसरी, तिसऱ्या मुरादचा खासगी महाल. वास्तुविशारद सिनान यांनी तो 1578 मध्ये उभारला. त्याच्या भिंतीत संगमरवरी कारंजं आहे. आतलं बोलणं बाहेर फुटू नये म्हणून त्याचं पाणी सोडत, असं सांगतात. जागा खऱ्या आहेत. त्यांच्याभोवती रचलेली ही गोष्ट मात्र कल्पनेतली.

एका सुलतानाच्या काळात शहरात पाव मिळेनासा झाला. सुलतान खिडकीमागे जाऊन बसला. खाली वजीर एकमुखाने म्हणत होते, "कोठारं भरलेली आहेत. प्रजा सुखी आहे." सुलतान निश्चिंत झाला. समोरासमोर माणसं तोंडदेखलं बोलतील, पण चोरून ऐकलेलं खोटं कसं असेल?

चार दिवसांत भट्ट्यांवर दगडफेक झाली.

त्या रात्री सुलतानाने आपल्या म्हाताऱ्या दाईला महालात बोलावलं. तिच्या अंगावर तो वाढला होता. "दाई, शहरात काय चाललंय? तू तरी खरं सांग."

दाई काही बोलली नाही. तिने दाराकडे पाहिलं, मग उठून कारंज्याची तोटी सोडली. पाणी वरच्या कुंडीतून खालच्या कुंडीत कोसळू लागलं.

"बाळा, आधी दाराबाहेर जाऊन उभा राहा."

सुलतान बाहेर गेला. दाराला कान लावला. आत दाई बोलते आहे हे कळत होतं, आवाजाचा चढउतारही कळत होता. पण शब्द एकही हाती लागेना. तो आत आला आणि थक्क होऊन म्हणाला, "तू काय बोललीस?"

"तुझं लहानपणीचं नाव घेतलं. चार वेळा. स्वर जाड असतात, ते भिंतीतूनही जातात. पण शब्दाला शब्द करतात ती व्यंजनं. स, त, क, प. ती बारीक. पाण्याच्या सळसळीत जाडबारीक सगळे नाद असतात, त्यात ती बुडतात. आणि पाण्याला ना सूर, ना ताल. ते कसं वाजेल याचा अंदाज बांधून कोणी ते वेगळं काढू शकत नाही."

मग पाण्याच्या आडोशाने दाईने सगळं सांगितलं. कोठारं निम्मी रिकामी होती. वजनं खोटी होती. हे प्रत्येक वजिराला ठाऊक होतं.

"मग सभेत कोणी बोललं का नाही? मी तर लपून ऐकत होतो!"

"खिडकी सगळ्यांना माहीत आहे, बाळा. तिच्यामागे तू असो वा नसो, ते तुलाच उद्देशून बोलतात. तुझ्या महालातल्या बोलण्याला पाण्याचा आडोसा आहे आणि त्यांच्या डोक्यावर मात्र तू कान टांगलास. मग खरं कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सुलतान खिडकीकडे फिरकला नाही. त्याने एकेका वजिराला बागेतल्या कारंज्याशेजारी बोलावलं आणि म्हणाला, "इथलं बोलणं तुमच्या-माझ्यातच राहील." पहिला वजीर बराच वेळ चाचरला, मग बोलू लागला. संध्याकाळपर्यंत सुलतानाला आपल्या शहराची खरी हकीकत कळली होती. आठवड्यात धान्याची गलबतं बंदराला लागली.

आजही गुप्त मसलतीच्या खोल्या अशाच राखतात. दाराबाहेर आणि छताच्या पोकळीत लहान स्पीकर बसवून एकसारखा, अर्थहीन आवाज चालू ठेवतात. खिडकीच्या काचांनाही कंपनं देतात, कारण बोलण्याने थरथरणारी काच लेझरने दुरून वाचता येते. मोठ्यांच्या गुपितांसाठी एवढी तजवीज होते. पण दवाखान्यात प्लायच्या पार्टिशनआड एखादी बाई आपलं दुखणं सांगते, तेव्हा बाहेर रांगेत बसलेल्यांना तिचा शब्दन् शब्द ऐकू येतो. म्हणून ती अर्धंच सांगते, आणि डॉक्टर अर्ध्याच दुखण्यावर औषध देतात. त्या पार्टिशनबाहेर एक स्पीकर लावायला फारसा खर्च येत नाही. तिच्या शब्दाची किंमत वाटायला हवी.

तात्पर्य : चोरून ऐकणाऱ्याच्या कानी खरं पडत नाही. ज्याला खरं ऐकायचं आहे, त्याने आधी बोलणाऱ्याच्या शब्दाला आडोसा द्यावा.