ऑलिव्हच्या बागेत देव कुठे शोधायचा?

२०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘ऑलिव्ह ट्रीज’ हे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं जात होतं. खालच्या भागात, रंगाच्या जाड थरात, एक चिमुकला नाकतोडा सापडला. पोट नाही, छाती नाही. भोवतालच्या रंगात धडपडीची खूणही नाही. म्हणजे तो आधीच मेलेला होता. बहुधा १८८९ च्या वाऱ्यानेच त्याला तिथे आणून टाकलं.

उघड्यावर बसणाऱ्या चित्रकाराला हे चुकत नाही. व्हिन्सेंटने १८८२ मध्ये स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या समुद्रात वाळूचे कण अजून रुतून आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला मिस्त्राल हा जोराचा वारा सुटला, की व्हिन्सेंट ईझलचे पाय लोखंडी खुंट्यांनी जमिनीला जखडायचा.

एवढा आटापिटा कशासाठी? मुळाशी धर्माचा प्रश्न होता. व्हिन्सेंट पाद्र्याचा मुलगा. १८७९ मध्ये बेल्जियमच्या बोरिनाज भागात कोळसा खाणकामगारांमध्ये त्याने धर्मप्रचार केला होता. १८८८ मध्ये त्याने गेथसेमनेच्या ऑलिव्ह बागेतला, अटकेआधी यातना भोगणारा ख्रिस्त दोनदा रंगवायला घेतला आणि दोन्ही वेळा खरवडून टाकला. समोर माणूस नसताना अशी आकृती रंगवणं त्याला पटेना.

पुढच्या वर्षी त्याचा चित्रकार मित्र गोगँ याने तोच प्रसंग रंगवला, ख्रिस्ताला स्वतःचा चेहरा देऊन. दुसरा चित्रकार मित्र एमिल बर्नार यानेही रंगवला. व्हिन्सेंट भडकला. यातना दाखवायला थेट गेथसेमनेच कशाला हवं, असं त्याने बर्नारला कळवलं. तो तेव्हा राहत असलेल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयाभोवती ऑलिव्हच्या बागा होत्याच: पानं कधी रुपेरी, कधी निळसर, कधी कांस्याच्या रंगाची, बुंधे पिळवटलेले. त्या वर्षी त्याने ही झाडं किमान पंधरा चित्रांत रंगवली.

गोगँची बाजू लेचीपेची नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच रंगवायचं, तर न दिसणाऱ्याचं काय? धर्माचा सगळा व्यवहार त्याच्याशीच असतो.

तरी व्हिन्सेंटच्या हट्टात श्रद्धा अधिक खोल आहे. मनाने रचलेली बाग आपल्या मर्जीने वागते. खरी बाग दुपारी एक, संध्याकाळी दुसरीच. जे पवित्र आहे ते आपल्या कल्पनेचं मिंधं नाही, अशी खात्री असलेला माणूसच उन्हावाऱ्यात तासन् तास उभा राहतो.

त्याच १८८९ च्या डिसेंबरात त्याने ऑलिव्ह तोडणाऱ्या बायका रंगवल्या. पहिलं चित्र बागेत, नंतरची खोलीत; त्यातलं एक आई आणि बहिणीसाठी. पण खोलीतही आधाराला बागेतलं ते पहिलं चित्र होतं.