आडवा फोन

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आदल्याच दिवशी ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली होती. त्यामुळे सांगलीवाडीतल्या एका माडीवरून बोटीत उतरताना आजीचे पाय लटपटत होते. "मला हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणत तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. पदर ढळलेला, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, तोंडात कवळी नाही.

खालून मुलगा, वरून सून. आणखी एक हात हवा होता. नातू दोन पावलांवर फोन आडवा धरून उभा. आपलं दुःख जगाला कळायला नको का, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. असेच व्हिडिओ बघून कितीतरी लोक मदतीला धावले होते. पण बोटवाला खेकसला, "आधी हात दे की लेका!" तेव्हा कुठं फोन खिशात गेला.

छावणीत रेंज मिळताच व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर पडला. तिथून कुठं कुठं गेला, कुणास ठाऊक.

पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला आले. पाणी कुठवर चढलं, काय काय गेलं, फोटो आहेत का? नातवाच्या फोनमध्ये नुसती आजी. कामाचे फोटो निघाले नातीकडं. पाणी उंबऱ्याला लागताच तिनं गव्हाची पोती, शिलाई मशीन, म्हशीच्या कानातला बिल्ला एवढं टिपलं, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि आजीच्या गोळ्या शोधायला गेली होती.

त्या रात्री आजीनं नातवाला व्हिडिओ लावायला सांगितला. चष्मा पुसून शेवटपर्यंत पाहिला.

"मला इचारलं व्हतंस?"

"त्या वेळी कसं विचारणार, आजी?"

"मग गावाला दावायच्या आधी इचारायचं. तवा तर मी छावणीत तुझ्या शेजारीच बसल्याली."

नातवाला उत्तर सुचलं नाही. त्यानं तिच्यासमोरच व्हिडिओ पुसला, ग्रुपवर हात जोडून सगळ्यांना पुसायला सांगितलं. काहींनी पुसला. पुढे माहेरच्या एका लग्नात आजी मांडवात शिरली, तर एक अनोळखी पोरगी शेजारणीला म्हणाली, "ती बघ, व्हिडिओतली रडणारी म्हातारी." आजी जेवायला थांबली नाही.