मागितलेला कारागीर

दहाव्या शतकातली गोष्ट. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात दुसरा अल-हकम हा खलिफा राज्य करत होता. शहर वाढले, मोठ्या मशिदीत नमाजाला जागा पुरेना, म्हणून त्याने मशीद वाढवायला घेतली. नव्या मिहराबावर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, त्याला चकाकणारे काचकाम हवे होते. दमास्कसच्या मशिदीत ते पूर्वी झाले होते. पण ती कला जाणणारे कारागीर होते दूर कॉन्स्टँटिनोपलला, ख्रिस्ती सम्राटाच्या राज्यात.

त्याच राज्याच्या फौजेने ९६१ साली क्रीट बेट जिंकले होते. तिथली आधीची सत्ता कोर्दोब्यातून परागंदा झालेल्यांच्या वंशजांची होती. तरीही खलिफाने दूत पाठवून एक कारागीर मागितला.

सम्राटाने नाही म्हटले नाही. दूत परतले ते एका उस्तादाला घेऊन. सोबत भेट होती काचेच्या रंगीत तुकड्यांची, त्या काळच्या वजनाने ३२० किंटार.

खलिफाने पाहुण्याची उत्तम बडदास्त ठेवली. मग आपल्या पदरचे काही गुलाम त्याच्या हाताखाली दिले. ओल्या चुन्यात एकेक तुकडा बसू लागला. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असे. तुकडा किंचित कलता बसला, की दिव्याचा उजेड नेमका पकडे. उस्तादाच्या शहरात भिंतींवर संतांच्या आकृती असत. इथे वेली, पाने आणि निळ्या-सोनेरी अरबी ओळी उमटल्या.

शिकणाऱ्यांचा हात बसत गेला. एक दिवस ते उस्तादाच्याही पुढे गेले. मग खलिफाने त्याला वस्त्रे आणि नजराणे देऊन मानाने निरोप दिला. पुढचे काम शिष्यांनी स्वतःच केले. इब्न इधारी या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

खलिफा गेले, सम्राट गेले. १२३६ साली ख्रिस्ती राजाने कोर्दोबा घेतले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. मिहराबावरचे सोनेरी काम मात्र आजही जागेवर आहे.

मागितल्याने खलिफाला कमीपणा आला नाही, दिल्याने सम्राटाचे काही आटले नाही. दोन राज्यांत सलोखा असा देण्याघेण्यातून धरतो. मात्र दुसऱ्याची कला नुसती भिंतीवर लावून घेतली, तर ती पाहुणीच राहते. आपली माणसे तिच्या हाताखाली बसवावी लागतात, तेव्हा ती घरची होते.