कमाईतला दुसऱ्याचा वाटा

स्वतःच्या श्रमाने किंवा बुद्धीने मिळवलेल्या गोष्टीत इतरांचा वाटा किती आणि तो ठरवायचा कोणी, हा प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकात त्याला तीन ठळक उत्तरे मिळाली, आणि ती देणारे तिघेही रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या लगतच्या तालुक्यांतले. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक येथे जन्मले. चिंतामणराव देशमुख त्यांच्याहून चार महिन्यांनी लहान. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावी; पण घर रोह्याचे, वडील तिथे वकिली करत. पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मले. तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला: अनुक्रमे १९५८, १९५९ आणि १९९६ मध्ये. विनोबांचे उत्तर दान हे होते, देशमुखांचे कर आणि आठवल्यांचे कोणाच्याच मालकीची नसलेली लक्ष्मी. याच प्रश्नाचे चौथे उत्तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी शतकाच्या अखेरीस शोधले. ते या तिघांपासून फार दूर घडले, पण त्याची कुळी तीच आहे.

कोकणातल्या शेतकऱ्याला ‘वाटा’ हा शब्द विचारातून नव्हे, खळ्यावर कळला. राजाने पिकाचा सहावा भाग घ्यावा, हे धर्मशास्त्रांतले माप सर्वांना ऐकून माहीत होते. खोतीच्या मुलखात मात्र सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा असे, आणि कुळाला अर्धेलीने किंवा तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा घालावा लागे. त्यातले सरकारात किती जाते आणि मधल्यामध्ये किती राहते, हे कुळाला कळण्याची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याआधीच, १९३३ मध्ये, अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते कसायचे सोडून दिले होते. तो संप १९३९ पर्यंत चालला. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावे लागले. या लढ्यांतून एक कसोटी हाती आली आणि पुढच्या सगळ्या उत्तरांना ती लावून पाहता येते: घेतला जाणारा वाटा थोडा की फार, याइतकेच त्याचा हिशेब देणाऱ्याला दिसतो की नाही, हेही न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

विनोबांनी घेणाऱ्याला बाजूला ठेवून देणाऱ्यापासून सुरुवात केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथे शंभर एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, अशी विनोबांची मागणी असे. राजाचा षष्ठांश त्यांनी असा घरातल्या वाटणीत आणून बसवला आणि हक्काच्या वसुलीचे माप नात्याच्या मापात बदलले. भारतीय मनाला पटेल अशी समतेची याहून नेमकी भाषा त्या काळात दुसऱ्या कोणाला सापडली नाही.

त्यांचा संपत्तिदानाचा प्रयोग भूदानाइतका गाजला नाही, पण करविचाराच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. त्यात पैसा विनोबांकडे द्यायचा नव्हता. दात्याने उत्पन्नाचा ठराविक भाग बाजूला काढायचा, स्वतःच्याच हाताने सांगितलेल्या कामासाठी खर्च करायचा आणि हिशेब कळवायचा. माणसाने स्वतःच स्वतःवर बसवलेला हा कर होता. वसुली अधिकारी नाही, दंड नाही. आहे ती फक्त दिलेल्या शब्दाची बांधिलकी.

याच ठिकाणी दानाची मर्यादाही आहे. भूदानाचे उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. मिळाली सुमारे बेचाळीस लाख एकर, तीही काही ठिकाणी खडकाळ, काही ठिकाणी वादातली, आणि बरीचशी प्रत्यक्ष वाटली गेलीच नाही. शब्द देणाऱ्याचे मन बदलले, किंवा तो मेला आणि वारसांनी नाकारले, की दान हवेत राही. विनोबांना हे दिसत होते. म्हणून ग्रामदानाची कल्पना पुढे आली आणि १९६५ मध्ये ती सुलभ ग्रामदान या रूपात आणखी नेमकी झाली. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे, विसावा भाग भूमिहीनांना, पिकातला चाळिसावा भाग ग्रामकोशाला, आणि जमीन गावाबाहेर विकता येणार नाही. महाराष्ट्रात ग्रामदानासाठी १९६४ चा कायदाही आहे. इथे दानाने कायद्याचा आधार घेतला. दिलेले परत खाजगी होऊ नये, एवढ्यासाठीच तो होता. पुढे सॉफ्टवेअरच्या जगात नेमकी हीच अडचण उभी राहिली.

देशमुखांची वाट कायद्यातूनच निघाली. सनदी सेवेत असताना त्यांनी मध्य प्रांतात सेटलमेंट अधिकारी म्हणून काम केले होते. जमीनमहसूल शेताच्या बांधावर कसा ठरतो हे त्यांनी पाहिलेले होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाल्यावर ते १९५० मध्ये अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच मुलखातून, लोकसभेवर गेले. करभार न्याय्य असावा ही नुसती इच्छा त्यांना पुरेशी वाटत नव्हती. भार प्रत्यक्षात कोणावर पडतो हे आधी मोजायला हवे होते. १९५३ मध्ये जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला. त्याच वर्षी इस्टेट ड्युटीचा कायदा झाला आणि मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मोठ्या मालमत्तेत समाजाचा वाटा मान्य केला गेला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपदही देशमुखांकडे होते. या संस्थेच्या निमंत्रणावरून केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर १९५६ मध्ये भारतात आले. उत्पन्न, संपत्ती, खर्च आणि भेट या सर्वांवर एकत्रित कर लावला तर एक कर दुसऱ्याची चोरी उघडी पाडेल, हा त्यांच्या अहवालाचा गाभा होता. करांचे दर मात्र माफक ठेवा, असेही त्यांनी बजावले होते.

पुढे जे झाले ते या विचाराला न्याय देणारे नव्हते. संपत्तिकर आणि खर्चकर १९५७ मध्ये आले, भेटकर १९५८ मध्ये. पण माफक दराचा सल्ला मागे पडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अधिभारासह उत्पन्नकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. शंभरातले दोन-सव्वादोन रुपये हाती राहणार असतील तर प्रामाणिक माणूसही लपवाछपवीकडे ढकलला जातो, आणि काळ्या पैशाची चौकशी करणाऱ्या वांछू समितीला दर खाली आणण्याची शिफारस करावी लागली. एकेक करून ते करही गेले: खर्चकर १९६६ मध्ये, इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये, भेटकर १९९८ मध्ये, संपत्तिकर २०१५ मध्ये. दानाला कायद्याचा टेकू लागतो तसा कराला मनाचा लागतो. देणाऱ्याच्या न्यायबुद्धीला न पटलेला कर कितीही कडक असला तरी तिजोरीपर्यंत पोचत नाही.

कामाच्या जागी माणसाने स्वतःच्या श्रद्धेचे काय करावे, याचेही देशमुखांचे उदाहरण अभ्यासावे असे आहे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, शहरात निदर्शने झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला, पण तो लगेच अमलात आला नाही. १९५६-५७ चा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. जुलैमध्ये त्यांनी पद सोडले आणि लोकसभेत कारणे सांगितली: एवढे मोठे निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतले गेले आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. ते मुंबईसाठी भांडले, पण मुंबईचा राग त्यांनी अर्थसंकल्पात उतरवला नाही. देशाच्या तिजोरीचे साधन त्यांनी आपल्या मतासाठी वापरले नाही आणि खुर्चीसाठी मतही गिळले नाही. विनोबांनी तरुणपणी, १९१६ मध्ये, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना सुरतेला गाडी बदलून काशीची वाट धरली, तो निर्णय एकट्या जिवाचा होता. देशमुखांचा निर्णय लोकांनी सोपवलेले काम अंगावर असताना झाला, म्हणून तो जास्त अवघड मानला पाहिजे.

आठवल्यांनी श्रद्धा आणि काम यांच्यातली ही फट बुजवायचाच प्रयत्न केला. त्यांच्या स्वाध्याय परिवारात काम हीच पूजा मानली गेली. ‘योगेश्वर कृषी’ या प्रयोगात गावातली माणसे पाळीपाळीने एका सामाईक शेतावर पुजारी म्हणून राबतात. ‘मत्स्यगंधा’ या बोटींवर कोळी तसेच समुद्रात जातात. जे पिकते किंवा जाळ्यात येते ते राबणाऱ्याचे नाही, गावाचे नाही, सरकारचेही नाही. ते देवाचे, म्हणून अपौरुषेय. त्यातून गरजूला मदत मिळते, पण उपकार करणारा कोणी माणूस समोर नसल्याने घेणाऱ्याची मान खाली जात नाही. दान आणि कर या दोहोंत देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंड उरतेच. आठवल्यांनी ती काढून टाकली, आणि हे त्यांचे मोठे योगदान आहे. ही व्यवस्था उभी असते ती मात्र श्रद्धेच्या एकजुटीवर. ज्याची श्रद्धा वेगळी आहे त्याला या शेतात जागा कोणती, याचे उत्तर तिच्यात सहज सापडत नाही.

श्रद्धा वेगवेगळ्या असलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी बिनमालकीची संपत्ती निर्माण करावी, हे सॉफ्टवेअरमध्ये घडले. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज्ञावलीचा सोर्स कोड वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, ही त्यांची नैतिक भूमिका होती. पण नुसते वाटून टाकले तर एखादी कंपनी ते घेऊन, थोडे बदलून, बंद करून विकू शकते. १९८९ च्या जीपीएल परवान्याने ही वाट अडवली. कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावाही. पण बदललेले पुढे देताना त्याचा कोडही त्याच अटींवर दिला पाहिजे. ग्रामदानातल्या जमिनीवर गावाबाहेर न विकण्याचे जे बंधन आहे, त्याच जातीचे हे बंधन आहे. विशेष म्हणजे त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. मालकी राखण्यासाठी केलेला प्रताधिकाराचा कायदाच कोड सर्वांना खुला ठेवण्यासाठी वापरला गेला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर या परंपरेचे फळ रोज असते: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्ता’ टंक मुक्त परवान्याखालीच मिळतात.

१९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले आणि चळवळीचा सूर बदलला. कोड मोकळा असावा तो नीतीसाठी नव्हे, तर काम चांगले होते म्हणून, असे या नावाचे पुरस्कर्ते सांगत. हा मतभेद वरवरचा नाही. उपयोगासाठी मोकळे ठेवलेले, उपयोग संपला की बंद करायला हरकत वाटत नाही.

पेणमध्ये मोकळेपणाने वाटण्याच्या या प्रश्नाचे हाताने घडवलेले रूप पाहायला मिळते. गणेशमूर्तीचा व्यवसाय शहरातून हमरापूर, जोहे, कळवे या गावांत पसरला तो एका कारखान्यात शिकलेल्या कारागिराने दुसरा कारखाना काढला म्हणून. साच्यातून काढलेल्या मूर्तीवरून पुन्हा साचा घेता येतो. घराघरांत हात लागले, रोजगार वाढला. पण मूळ मूर्ती कल्पनेतून घडवणाऱ्याला त्या प्रसारातून काय मिळते, हा प्रश्न तिथेही आहे आणि सॉफ्टवेअरमध्येही आहे. अनेक महत्त्वाच्या मुक्त आज्ञावली एकदोन माणसे विनामोबदला सांभाळत असतात आणि त्यांच्यावर बड्या कंपन्यांचा कारभार चालतो. वाटा देणाऱ्यालाही वाटा मिळाला पाहिजे, हे कलम कोणत्याच मुक्त परवान्यात नाही, आणि ही त्या विचारातली खरी उणीव आहे. १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा त्यावर अर्धा तोडगा देतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळाले तसे मानांकन एका माणसाचे नसते, त्या मुलखातल्या उत्पादकांचे असते. पण तेही नावाचे रक्षण करते, घडवणाऱ्याच्या कल्पनेचे नाही.

श्रद्धेचा प्रश्न सॉफ्टवेअरमध्येही आला. २०१८ मध्ये गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘मेव्हन’ प्रकल्पाला लेखी विरोध केला आणि कंपनीने त्या कराराचे नूतनीकरण केले नाही. २०१९ मध्ये कोरालाइन एडा एमकी यांनी मानवी हक्कांचे उल्लंघन करणाऱ्यांना कोड वापरण्यास मनाई करणारा ‘हिपोक्रॅटिक’ परवाना मांडला. पण ओपन सोर्सच्या व्याख्येत कोणत्याही माणसाला वा कोणत्याही कामाला वगळता येत नाही, त्यामुळे तो परवाना त्या व्याख्येत बसत नाही. व्याख्येतली ही अट कठोर वाटली तरी योग्य आहे. प्रत्येक लेखकाने स्वतःची श्रद्धा परवान्यात घातली तर सामाईक साठा तुकड्यातुकड्यांनी बंद होत जाईल. देशमुखांनी १९५६ मध्ये पाळलेला भेद हाच होता: साधन सर्वांचे ठेवायचे, नकार स्वतःच्या नावाने द्यायचा. गुगलच्या कर्मचाऱ्यांनीही आपल्या सह्यांनी तेच केले.

मुक्त कोड आणि न्याय्य कर हे दोन धागे आता एकमेकांत गुंतले आहेत, कारण कर मोजण्याचे काम आज्ञावली करते. कायद्यातले कलम छापलेले असते, पण रिटर्न भरताना पडद्यावर उमटणारा आकडा ज्या कोडमधून येतो तो करदात्याला दिसत नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये उत्पन्नकर मोजणाऱ्या आपल्या प्रणालीचा सोर्स कोड खुला केला. अर्थशास्त्रज्ञ, प्रोग्रामर, सामान्य नागरिक, कोणीही तो तपासू लागले. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आणि शासकीय आज्ञावलींचा कोड खुला करण्याचे वेगळे धोरणही त्याच वर्षी आणले. आरोग्य सेतूचा कोड मे २०२० मध्ये लोकांपुढे ठेवला गेला. कर मोजणाऱ्या प्रणालींना हे धोरण लावणे ही त्याची स्वाभाविक पुढची पायरी आहे. सहाव्या वाट्याचा हिशेब खळ्यावरून खोताच्या वहीत, तिथून सरकारी दप्तरात आणि आता कोडमध्ये गेला आहे. चरीच्या कुळांना जी वही कधी दाखवली गेली नाही, ती उघडण्याची सोय आता तंत्रज्ञानाने करून ठेवली आहे. उरला आहे तो शासनाचा निर्णय.